बेचाळीस वेढे

आमच्या फिडरवर लाइन येते रात्री साडेबाराला
आणि सकाळी सातला माझ्याकडे
जळलेल्या मोटरी:
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेल्या,
काळीपिवळीत कुणाच्या मांडीवर,
एकदा तर वरातीच्या गाडीत, नवरदेवाच्या पायाशी.
आधी वास येतो. मग माणूस.

डाव्या हाताची दोन बोटं
कडबाकुट्टीनं नेली, नववीत असताना.
आयटीआयच्या खिडकीतल्या माणसानं हात पाहिला,
फॉर्म परत सरकवला.
"शिवणकाम पाह्य," म्हणाला.
जसं काही शिवणकामाला
आठच बोटं लागतात.

मग मानोऱ्याला, स्टँडामागे,
गुलाब मिस्त्रीच्या दुकानात झाडू.
मिस्त्री सगळ्यांकडे पाठ करून वाइंडिंग भरायचा,
वेढे कुणी मोजू नयेत म्हणून.
पण ओठांतल्या ओठांत मोजायची खोड होती त्याला
आणि माझा झाडू फार हळू चालायचा.
एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.
बेचाळीसला तो थांबे, खर्रा थुंके.
पाच एचपीचं गुपित
मी असं कचऱ्यासोबत गोळा केलं.

घरी भंगारातला स्टेटर, चोवीस खाचांचा.
तार कुठली? सुतळीनं भरायची, उलगडायची,
पुन्हा भरायची.
माय शेजारणीला सांगे,
"पोट्टीले काय झालं देव जाणे,
लोखंडाले स्वेटर इनून राह्यली."

पहिली खरी मोटर कारखेड्याच्या शिवदास राऊताची.
मिस्त्री तापानं पडलेला, हरभरा पाण्यावर आलेला,
दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.
चाळीस मिनिटं चालली.
त्यानं ती आणून दुकानासमोर धुरळ्यात टाकली.
"बाईनं भरली, बाईवानी रडली."
लोक आता सांगतात, चंद्रकला रडली नाही.
रडली. चांगली अर्धा तास.
मग नाक पुसून मोटर उघडली:
सातव्या खाचेतला कागद
नखभर सरकला होता.
नखभर.
तांब्याचे पैसे मी आठ महिने फेडले,
दालमिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवून.
शिवणकाम नशिबी आलंच म्हणायचं.

बोटं नाहीत तिथली कातडी पातळ असते.
तार तिच्यावरून ओढली की कळतं
ताण कुठे जास्त झाला,
इनॅमल कुठे खरवडलं.
हे मी कुणाला शिकवू शकत नाही,
आणि असं शिकायची वेळ कुणावर येऊही नये.

दुकान टाकलं तेव्हा पाटी रंगवणाऱ्यानं
'चंद्रकला मोटर रिवाइं' एवढं लिहिलं
आणि पत्रा संपला.
उरलेलं 'डिंग' त्यानं खाली, कोपऱ्यात कोंबलं.
"पुसू काय?" म्हणाला.
म्हटलं राहू दे, वाचणारे वाचतील.
तेव्हापासून बाजारात मी डिंगबाई.
शिवदासही तेच म्हणतो.
त्याच्या दोन्ही मोटरी आता माझ्याकडेच असतात,
उधारीसकट.

शाळा सुटली की नेवाऱ्यांची मोनाली येऊन बसते,
दप्तर मांडीवर, डोळे फर्म्यावर.
मी तिच्याकडे तोंड करून बसते
आणि मोठ्यानं मोजते.
एकोणतीस. तीस. एकतीस.
"डिंगबाई, होते का संध्याकाळलोक?"
दारातून कुणी ओरडतं,
आकडा हरवतो.
मोनाली म्हणते, "बत्तीस होते."
मी विचारते, "नक्की?"
ती गप्प.
दोघी मिळून उलगडतो.
एक.